जुवाखालचा अबोला

हस्ताचा पाऊस उघडला की आमच्या काळ्या रानाला एक वास सुटतो. ज्वारीची भाकरी तव्यावरून काढून फडक्यात गुंडाळली अन् थोड्या वेळानं फडकं उघडलं, की जशी वाफ तोंडावर येते, तसा. जमीन पाणी पिऊन जड झालेली असते. वरून ऊन पडतं, वरचा पापुद्रा पांढुरका व्हायला लागतो, आत अजून ओल असते. याला वाफसा म्हणतात. पंचांगात तो सापडत नाही. मूठभर माती घ्यायची, दाबून गोळा करायचा अन् कमरेच्या उंचीवरून सोडायचा. गोळा चेपला तर थांबायचं. फुटला तर बैल जुपायचे. अन् गोळाच होत नसला तर गप घरी जायचं, कारण पेरायची वेळ निघून गेली.

यंदाचा वाफसा आलाय. परवा बांधावर बसून मी असाच गोळा वळत होतो, तर शाळेतल्या बाई स्कूटी रस्त्याला लावून वावरात आल्या. चपला हातात धरलेल्या.

"नाना, शाळेत तंटामुक्तीचा कार्यक्रम आहे. तुमचं अन् उस्मानचाचांचं भांडण कसं मिटलं, ते मुलांना दोन शब्दांत सांगाल का?"

"मिटलंय आसं कुनी सांगितलं तुमाला?"

बाई हसल्या. "सगळं गाव म्हणतं."

"गाव काय बी म्हनतंय."

बाई पायाचा चिखल झाडत निघून गेल्या. पोरांसमोर उभं राहून बोलणं मला जमायचं नाही. माझी शाळा चौथीत सुटली ती सुटलीच. पण गाव जे म्हणतं ते खोटं आहे, अन् ज्याचं भांडण त्यानंच ते सांगावं, या मताचा मी आहे. म्हणून बसलो लिहायला.

उस्मान शेख म्हणजे माझ्या उगवतीच्या बांधाचा शेजारी. वयानं माझ्याच बरोबरीचा, एखाद्या पोळ्यानं इकडं-तिकडं. माझ्या दारात एक बैल, हिऱ्या. त्याच्या दारात एक बैल, बादल. हिऱ्या पांढरा, बादल ढगाळ रंगाचा. आमच्यासारख्या थोडक्या रानाच्या माणसाला दोन बैल पोसायला परवडत नाहीत, अन् एका बैलानं नांगर चालत नाही. मग दोघं मिळून जोडी करतात. आमच्याकडं याला सावड म्हणतात. माझ्या बापाची उस्मानच्या बापाशी हीच सावड होती. जू आमच्या घरचं, पाभर त्यांच्या घरची. पाभर म्हणजे पेरायचं औत. जू नसलं तर पाभर नुसतं लाकूड, अन् पाभर नसली तर जू काय गळ्यात घालून मिरवायचं?

हिऱ्या उजव्या खांद्याचा, बादल डाव्या. हिऱ्याच्या गळ्यात पितळी घंटी, बादलच्या गळ्यात घुंगरमाळ. दोन्हींचा मिळून एक आवाज व्हायचा. तो आवाज ओढ्याच्या वळणावर आला, की आमच्या घरी चुलीवर तवा चढायचा. घड्याळ आमच्या मंडळीनं कधी बघितलं नाही.

ते वर्ष ग्रामपंचायतीच्या निवडणुकीचं होतं. आमच्या जिल्ह्यात निवडणूक म्हणजे काय, ते बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. साखर कारखान्यापासून दूध डेअरीपर्यंत प्रत्येक ठिकाणी दोन पॅनेल. लग्नाच्या पंगतीत कुठल्या ओळीत बसलात, यावरून तुमचं मत ठरवतात. त्या साली पोळ्याच्या आधी दोन्ही पॅनेलवाल्यांना बैलांचा पुळका आला. एका पॅनेलची निशाणी कपबशी, दुसऱ्याची छत्री. दोघांनीही बैलांसाठी झुली शिवून आणल्या, चमकणाऱ्या, कडेला सोनेरी झालर, अन् मधोमध आपापली निशाणी. फुकट वाटल्या.

फुकटची नवी झूल कुणाला नको? आमच्या घरी कपबशी आली, मी हिऱ्यावर टाकली. उस्मानच्या घरी छत्री गेली, त्यानं बादलवर टाकली. कुणी कुणाला विचारलं नाही. दोन्ही बैलांची शिंगं आम्ही सकाळी एकाच डब्यातल्या हिंगुळानं रंगवली होती, खांदे एकाच वाटीतल्या हळद-तुपानं मळले होते. झुली मात्र आपापल्या घरी घातल्या. अन् संध्याकाळी मिरवणुकीत पुढं चालणारी आमची मानाची जोडी वेशीसमोर आली तेव्हा सगळ्या गावानं बघितलं: उजवीकडं कपबशी, डावीकडं छत्री.

वेशीत हसण्याची लाटच उठली.

"ए नाना, ही जोडी कुठल्या पॅनेलची रं?"

"आरं च्या सांडंल, छत्री धरा त्याच्यावर!"

मला हसलेलं चालत नाही. लहानपणापासून नाही चालत. मी म्हणालो, "उस्मान, काढ ती छत्री."

"मी का काढू? तू काढ कपबशी."

"मानाची जोडी माझ्या दारातनं निघती."

"जोडी निघत आसंल. बादल माझ्या गोठ्यातनं निघालाय."

हलग्या थांबल्या होत्या. माणसं पुढं सरकली होती. अशा वेळी माणूस समोरच्याशी बोलत नसतो, तो बघणाऱ्यांशी बोलत असतो. मी म्हणालो, "एका झुलीवर इकला गेलास व्हय रं?"

उस्मानचं तोंड उतरलं. मग त्यानं हळूच, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "मी इकला गेलो? आन् तुझा हिऱ्या? आंगचोर हाय त्यो. समदं वझं माझा बादल वढतो. तुला ठावं न्हाई व्हय?"

ज्यांनी बैल ठेवला नाही त्यांना हे काय आहे ते कळणार नाही. आमच्याकडं माणसाला चोर म्हणा, तो हसून सोडून देईल. त्याच्या बैलाला अंगचोर म्हणू नका. अंगचोर बैल मान जुवाखाली देतो पण अंग लावत नाही; दुसऱ्याच्या ओढीवर नुसता चालतो. मालक जसा तसा बैल, हे सगळं शिवार धरून चालतं. म्हणजे उस्माननं इतक्या वर्षांचा हिशेब भर वेशीत मांडला, की नाना माझ्या जिवावर शेती करतो.

मी हिऱ्याचा कासरा धरला अन् खालच्या गल्लीनं घरी आलो. तो बादलला घेऊन वरच्या गल्लीनं गेला. पोळ्याला बादल आमच्या दारात पुरणपोळी खायला आला नाही, असं पहिल्यांदा झालं. आमची मंडळी ताट घेऊन उंबऱ्यात उभी राहिली. बराच वेळ वाट बघून तिनं पदर खोचला अन् ताट घेऊन उस्मानच्या घराकडं निघाली.

"कुटं चाललीस?"

"बादलला घास द्यायला. भांडान तुमचं. बैलानं काय केलंय?"

 मी अडवलं असतं तरी ती थांबली नसती.

गावात भांडण कधी पोरकं राहत नाही. त्याला दत्तक घ्यायला माणसं टपलेलीच असतात. दुसऱ्या दिवशी सकाळी कपबशी पॅनेलचे अण्णा माझ्या ओट्यावर येऊन बसले. पांढरी पॅन्ट, हातात दोन मोबाईल. ते आमच्या ओट्यावर याआधी कधी बसले होते ते आठवायला लागेल.

"नाना, तू एकटा न्हाईस."

"मी कुटं म्हनलो एकटा हाय?"

"तक्रार दे चौकीला. चारचौघांत शिवीगाळ केली, म्हन. पुढचं मी बघतो."

"मला न्हाई, बैलाला म्हनला त्यो."

"ते कागदावर कसं घालायचं त्ये आमाला कळतं. आन् पेरनीची काळजी सोड. ट्रॅक्टर माझा, डिझेल माझं. तुझं रान समद्यांच्या आधी पेरून देतो." मग त्यांनी आवाज खाली घेतला. "आन् नाना, शेवटी त्यो त्यांच्यातला. आज ना उद्या हे व्हनारच हुतं."

मी म्हणालो, "आण्णा, च्या संपला का?"

"संपला."

"मग उठा. कप धुवायचाय."

माझं भांडण बैलाएवढं होतं. अण्णांना ते गावाएवढं करायचं होतं, अन् त्या शेवटच्या वाक्यात तर ते देशाएवढं करून बसले. मी रागावलेला होतो, मला उस्मानचं तोंड बघायचं नव्हतं, रात्री झोपेत सुद्धा मी त्याला उत्तरं देत होतो. पण माझा राग माझ्या घरचा होता. त्याच्यावर कुणी आपली झूल टाकावी, हे मला पटणारं नव्हतं.

आता तर बघतो, मोबाईलवर भांडणं तयार मिळतात. आमच्या पाराखाली पोरं बसलेली असतात, एकमेकांना दाखवतात, अन् ज्या माणसाला कधी बघितलं नाही त्याच्यावर दात-ओठ खातात. अरे, भांडायचं तर ज्याच्या बांधाला बांध आहे त्याच्याशी भांडा! त्याच्या विहिरीवर पाणी प्यालात, त्याच्या बापाच्या मयताला खांदा दिलात, त्याचा तुमच्यावर हक्क आहे, तुमचा त्याच्यावर. लांबच्याशी भांडणं म्हणजे वाऱ्याशी कुस्ती. पडला कोण, हेही कळत नाही.

तिकडं उस्मानच्या घरीही छत्रीवाले जाऊन आले होते. हे मला आमच्या मंडळीकडून कळलं अन् तिला उस्मानच्या घरच्या हमीदाभाभीकडून. दोघी पिठाच्या गिरणीत रोज भेटत होत्या. त्यांच्यात अबोला वगैरे काही नव्हता. छत्रीवाल्यांनीही उस्मानला ट्रॅक्टर कबूल केला होता. शिवाय, "तुमच्या लोकांना आमच्याशिवाय कोन हाय?" असं ऐकवलं होतं.

"मग काय म्हनला त्यो?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

"म्हनले, माझ्या बादलला ट्रॅक्टर चालवता येत न्हाई."

मला हसू आलं. ते मी तोंड फिरवून गोठ्यात नेऊन हसलो.

पण हसून रान पेरलं जात नाही. पोळ्यानंतर पाऊस लागला तो उघडेचना. उत्तरा गेली, हस्त लागला. मग एकदम ऊन पडलं, अन् गावातले सगळे ट्रॅक्टर एकाच वेळी सगळ्यांना हवे झाले. ज्यांनी घाई केली त्यांची चाकं काळ्या रानात बुडेपर्यंत रुतली. माझ्या मनात मात्र दुसरीच धाकधूक होती. एकटा बैल दावणीला किती दिवस ठेवायचा? जोडी तुटली की त्याचा बाजार होतो. हिऱ्याला नेऊन बाजारात उभं करायचं, अनोळखी माणसानं त्याचे दात बघायचे, पाठीवर थाप मारायची, हे डोळ्यांसमोर आलं की मी उठून त्याच्यापुढं कडब्याची आणखी एक पेंढी टाकायचो. उस्मानचंही तेच होणार होतं. झुलींच्या पायी दोन बैल दोन गावांना जाणार होते. अन् ज्वारी नाही पेरली तर वर्षभर भाकरी अन् कडबा दोन्ही विकत.

पुण्याला कंपनीत असलेल्या पोराचा फोन आला. "नाना, चाचांना सॉरी म्हणा अन् मोकळे व्हा."

"का म्हनू?"

"अहो, आमच्या कंपनीत याचा वर्ग असतो. दोघांना समोरासमोर खुर्च्यांवर बसवतात. एकानं सांगायचं मला असं असं वाटलं, दुसऱ्यानं मधे न बोलता ऐकायचं. मिटतं."

मिटत असेल. मी त्याला नावं ठेवत नाही. खुर्चीवर बसणाऱ्यांचं खुर्चीवर मिटत असेल. पण मला उस्मानच्या समोर बसवलं असतं तर मी त्याच्या डोळ्यात बघितलं असतं, त्यानं माझ्या, अन् वेशीतलं सगळं पहिल्यापासून सुरू झालं असतं. आम्हाला एकमेकांकडं बघायची सवयच नव्हती. आयुष्यभर आम्ही एकाच दिशेला तोंड करून बैलांच्या मागं चाललो. आमचं सगळं बोलणं बैलांच्या पाठींकडं बघत झालेलं. लेकीचं लग्न ठरलं तेही, त्याचा थोरला गेला तेव्हाही.

मी आधी दुसरा इलाज करून बघितला. मेव्हण्याचा बैल मागून आणला अन् हिऱ्याच्या शेजारी जुपला. चांगला दांडगा बैल. हिऱ्या दोन पावलं चालला, डावीकडं मान वळवून बघितलं, अन् जुवाखालीच बसला. शेपटी पिळली, चुचकारलं, गूळ दिला. गूळ खाल्ला, पण उठला नाही. रस्त्यानं जाणारे येणारे गाडी थांबवून बघत होते. मी जू काढलं. अंगचोर म्हणणाऱ्याला त्या दिवशी पुरावाच मिळाला असता. पण उस्मान आपल्या वावरात पाठ करून उभा होता. इतका वेळ इतका ताठ पाठ करून उभा होता, की त्यानं सगळं बघितलंय हे मला कळलं. तरी ती गोष्ट त्यानं गावात काढली नाही. हेही मी ध्यानात ठेवलं.

त्या दिवसांतली सगळ्यात जास्त आठवण राहिलीय ती मातीच्या गोळ्यांची. सकाळी उठून मी बांधाच्या अलीकडं गोळा करायचा अन् सोडायचा. बांधाच्या पलीकडं उस्मान गोळा करायचा अन् सोडायचा. धप्प. थोड्या वेळानं पलीकडं धप्प. कुणी कुणाकडं बघायचं नाही. ऊन वाढत चाललं होतं, वारा कोरडा सुटला होता, वरच्या पापुद्र्याला केसाएवढ्या भेगा दिसायला लागल्या होत्या. अन् एक दिवस माझा गोळा खाली पडून फुटला. लाडू फुटतो तसा. मी उभा राहिलो. पलीकडंही आवाज आला, फुटल्याचा. आता आज नाही तर यंदा नाही.

मी घरी गेलो, हिऱ्याला सोडलं, जू खांद्यावर घेतलं अन् निघालो उस्मानच्या वावराकडं. मंडळी म्हणाली, "कुटं?" मी म्हणालो, "पलीकडचं वावर पेरून टाकतो. मग आपलं पेरलं न पेरलं, कुनी म्हनायला नको की नाना कुनाच्या जिवावर हाय." असा माझा डाव होता. अंगचोर म्हणतोस काय? घे, तुझंच वावर आधी.

बांधावर आलो तर समोरून उस्मान. बादलचा कासरा एका हातात, डोक्यावर पाभर, मागं हमीदाभाभी बियाण्याची पाटी घेऊन. तो निघाला होता माझ्या वावराकडं. त्याचाही डाव तोच.

बांधावर दोघं उभे. बैलांनी मात्र वाट बघितली नाही. हिऱ्यानं नाक पुढं केलं, बादलनं त्याच्या कपाळाला जीभ लावली.

मी हिऱ्याला म्हणालो, "हिऱ्या, आधी पलीकडचं रान. आपल्याला कुनाचे उपकार नकोत."

उस्मान बादलला म्हणाला, "बादल, आपुन बी कुनाचं मिंधं न्हाई. आधी आलीकडचं."

"हिऱ्या, सांग त्याला, जू आपलं हाय. म्हनू तिथं जाईल."

"बादल, सांग, पाभर बिगर जुवाला कुत्रं इचारत न्हाई."

मागून येऊन पोहोचलेली आमची मंडळी हमीदाभाभीला म्हणाली, "बघा, बैल शानं हायती ते बरं." मग आमच्याकडं वळून, "पाभर टेकवा की खाली! मान मोडंल त्या मानसाची. जिथं टेकंल तिथनं सुरू करा. ऊन काय तुमच्या मानासाठी थांबलंय?"

उस्माननं पाभर उतरवली. ती त्याच्या बाजूला टेकली. म्हणजे मी जिंकलो. जिंकून त्याचं रान आधी पेरून दिलं, अशी ती जीत.

पेरणीला कासरा एकाच्या हातात लागतो, पाभरीवर दाब दुसऱ्यानं द्यायचा, अन् चाड्यात, म्हणजे पाभरीच्या लाकडी वाटीत, बाईमाणूस मुठीमुठीनं बी सोडतं. तिघांची पावलं एका लयीत पडावी लागतात. आमची पडली. दोन्ही गळ्यांतला आवाज कितीतरी दिवसांनी एक झाला होता. ओल्या मातीत पाभरीचे फाळ घुसल्याचा तो मऊ आवाज, बी नळ्यांतून सुळसुळ जाण्याचा, मागं बगळे उतरलेले. अन् या सगळ्यात आमचं भांडण चालू.

"हिऱ्या, सांग बादलच्या मालकाला, कासरा वढू नगं. तुझ्या नाकाला लागतंय."

"बादल, नाकाला लागतंय तर पुढं चाल म्हनावं हिऱ्याला."

खरं सांगतो, मी बैलांच्या पायांकडं बघत नव्हतो. मी जुवाकडं बघत होतो. एक बैल अंग चोरत असला तर जू तिरकं होतं, चोरणाऱ्याची बाजू मागं पडते. उस्मानही तेच बघत होता. जाताना उतार बादलच्या अंगाला, तर तो पुढं अन् हिऱ्या मागं. उस्मान खाकरला. येताना उतार हिऱ्याच्या अंगाला, तर हिऱ्या पुढं. मग मी खाकरलो. पाणी धरणाऱ्या चिबाड जागेत दोघंही मागं, दगडाळ जागेत दोघंही पुढं. दुपारपर्यंत बघितलं, पण जू काही एका बाजूचा निकाल देईना.

"बगितलंस का हिऱ्या? आता कोन मागं ऱ्हायलं?"

"बादल, मगाशी कोन हुतं इचार. मगाशी डोळे मिटलं हुतं का?"

"हिऱ्या, म्हनावं मी मरंस्तवर इसरनार न्हाई वेशीतलं!"

"बादल, म्हनावं मी तरी कुटं इसरलोय? इकला गेलास म्हनतो! मी! एका कापडाच्या तुकड्यावर!"

त्याचा आवाज तिथं फाटला. मी पाभरीवरचा दाब सोडून उभा राहिलो. बैल आपले चालतच होते. "तास वाकडं गेलं!" हमीदाभाभी ओरडली, "दोघांच्या बी डोळ्यात माती पडो, तास वाकडं गेलं!"

ते तास, म्हणजे पेरणीची ती ओळ, तसंच उगवलं. थंडीत ज्वारी गुडघ्याला आली तेव्हा खर्डा गावच्या रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाही दिसायचं: सगळ्या ओळी सरळ, अन् मधेच एका जागी कमान. लोक विचारायचे, बैल बुजलं होतं का? मी म्हणायचो, होय. कणसं मात्र त्या कमानीतही भरली, सरळ ओळीतल्यासारखीच.

त्याचं रान झालं, मग माझं झालं. दुपारी बाभळीखाली भाकरी खाल्ली, तो तिकडं तोंड करून, मी इकडं तोंड करून. मधे दोघी बसलेल्या. त्याच्याकडची शेंगदाण्याची चटणी माझ्या भाकरीवर आली, माझ्याकडचा ठेचा त्याच्या भाकरीवर गेला. तो शब्द त्यानं मागं घेतला नाही. मी माझा घेतला नाही. पण 'विकला गेलास' हे त्याला कुठं लागलं होतं ते मी ऐकलं होतं, अन् 'अंगचोर' मला कुठं लागलं ते त्याला आधीपासून ठाऊक होतं. रोज संध्याकाळी बैल आपापल्या दावणीला गेले. बाजार कुणी बघितला नाही. आम्ही दोघं एकमेकांशी एक शब्द बोललो नाही, सगळी ज्वारी पेरून होईपर्यंत, अन् त्याच्यानंतरही.

निवडणूक झाली. कपबशीवाले अन् छत्रीवाले निकालानंतर एका गाडीत बसून नगरला गेले. परत आले ते एका कमिटीत बसूनच. तंटामुक्त गावाचं बक्षीस मिळवायचं म्हणाले. मग गावातली भांडणं हुडकणं सुरू झालं, जसं आधी लावणं सुरू होतं.

सव्वीस जानेवारीला शाळेच्या मैदानावर झेंडा झाला अन् लगेच ग्रामसभा. दगड-मातीचं उंच स्टेज, वर मंडप. आमची नावं पुकारली. मी धोतर झाडून गेलो, मला वाटलं ज्वारीचं काही असेल. तिकडून उस्मानही आला. आमच्या गळ्यात हार घातले. फोटोवाला खाली गुडघ्यावर बसला. पेढ्यांचा पुडा उघडला गेला, म्हणजे मी त्याला भरवायचा अन् त्यानं मला. अण्णा माईकवर म्हणाले, "या दोघांचा तंटा, जो मोठ्या अनर्थाला कारण झाला असता, तो आपल्या समितीनं मिटवला!"

टाळ्या वाजल्या.

मी म्हणालो, "कुनी मिटवला?"

अण्णांनी माईक बाजूला धरला. "नाना, हात मिळवा. फोटो व्हऊ द्या."

"मिटल्याला न्हाई आमचा तंटा." मला माईक लागत नाही. "यानं माझ्या बैलाला आंगचोर म्हनलंय, अजून शब्द मागं घेतल्याला न्हाई. मी बी याला बोललोय, मी बी घेतल्याला न्हाई. आमी रान पेरलं ते आमचं आमी. तवा तुमी तक्रार लिवायला सांगत हुता. मिटलं तर आमचं आमी मिटवू, न्हाई मिटलं तर संगट घिऊन मरू. ह्ये भांडान माझ्या घरचं हाय. कमिटीचं न्हाई."

 अण्णा घामाघूम होऊन उस्मानकडं वळले. "उस्मानभाई, तुमी तरी समजदार हाय. सांगा यांना. करा हात पुढं."

सगळं गाव उस्मानकडं बघत होतं. मला त्याच्या अंगावरचं ओझं त्या वेळी दिसलं, जसं जुवावर दिसतं. मी 'न्हाई' म्हणालो तर लोक म्हणतील म्हातारा हट्टी आहे. त्यानं 'न्हाई' म्हटलं तर लोक काय काय म्हणतील, ते मला अण्णांनी माझ्याच ओट्यावर बसून ऐकवलेलं होतं. हात पुढं करणं त्याला सोपं होतं. पेढा खाल्ला असता, समजदार ठरला असता, सुखानं घरी गेला असता.

उस्माननं गळ्यातला हार काढला. नीट घडी घातल्यासारखा गोळा करून काखेत मारला. मग पोळ्यापासून पहिल्यांदा, मधे बैल न घेता, माझ्या तोंडाकडं बघून बोलला.

"उतर खाली, म्हाताऱ्या. उनात चक्कर यिऊन पडलास, तर ह्ये म्हनतील उस्माननंच ढकलला."

मी म्हणालो, "मग धर हात. ढकललं न्हाई ह्ये समद्यांना दिसू दे."

त्यानं धरला. माझा गुडघा धरतो हे त्याला माहीत आहे. आम्ही एक-एक पाय खाली टाकत उतरलो, अन् तेवढ्यात त्या फोटोवाल्यानं बटण दाबलं. तो फोटो आता ग्रामपंचायतीत भिंतीवर आहे, खाली मोठ्या अक्षरांत लिहिलंय की तंटा मिटला. साफ खोटं आहे. स्टेजची पायरी उंच होती, बाकी काही नाही.